दिवा वाढव

आत्माराम वायरमन तिसऱ्यांदा जिना चढून आला तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजले होते. भाईंदर पूर्वेतल्या त्या बिल्डिंगची लिफ्ट बंद, माणूस साठीला टेकलेला, आणि घर चौथ्या मजल्यावर. पण निशिगंधानं फोनवर सांगितलं होतं की काका, दिवसा येऊन उपयोग नाही, लाईट रोज आठ वाजताच जाते. बिघाड घड्याळ बघून येतो हे त्यानं चाळीस वर्षांच्या धंद्यात ऐकलं नव्हतं. तो फोनवर हसला होता, तरी आला.

तसा बिघाड साधाच दिसत होता. आठ वाजले की बाहेरच्या खोलीत पंखा फिरतोय, फ्रिज घरघरतोय, आणि फक्त स्वयंपाकघरातला उजेड गेलेला. सकाळी बटण दाबलं की बल्ब गुणी बाळासारखा लागायचा. आत्मारामनं पहिल्या खेपेला होल्डर बदलला, दुसऱ्या खेपेला बटण आणि पार छतापर्यंतची वायर. आता बदलायचं म्हटलं तर छतच तेवढं राहिलं होतं.

घरात निशिगंधा एकटीच असे. नवरा रोहित जहाजावर, सहा-सहा महिने समुद्रात. सासूबाई विमलाबाई दीड महिन्यापूर्वी गेल्या, याच स्वयंपाकघरात, खिडकीखालच्या खाटेवर. वन रूम किचनमध्ये आजारी माणसाला दुसरी जागा कुठून आणणार? अर्धांगवायूनं त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही जवळजवळ गेली. अकरा महिने निशिगंधानं ऑफिसचं काम घरून केलं आणि त्यांना पेज भरवली, अंग पुसलं, कूस बदलून दिली. पोटच्या पोरीनं केलं नसतं, असं शेजारणी म्हणत. तिला ते ऐकवत नसे. शेवटच्या दिवसांतले आईंचे डोळे तिच्या मनातून जात नव्हते. आपल्या हातून काहीतरी राहिलं, एवढं तिला कळत होतं. काय राहिलं ते कळत नव्हतं. आणि त्या गेल्यानंतरच तर ही लाईट जायला लागली होती. म्हणून तिला यातलं खरं काय ते हवं होतं.

आत्माराम स्टुलावर चढला. टेस्टर लावला, मीटर लावला, सगळं जागच्या जागी. खाडीकडून चिखलाचा ओला वास येत होता आणि खिडकीबाहेर काळोख दाटत होता.

"चाळीस वॅटचा एलईडी लावलाय?" त्यानं डोळे मिचकावत विचारलं. "एवढ्याशा खोलीत? वहिनी, हा तर मांडवात लावतात."

आईंसाठी आणला, ती म्हणाली. आजारपणात त्यांच्याजवळ दोनच शब्द उरले होते. आठ वाजता पेज भरवून झाली की त्या वर बघायच्या आणि म्हणायच्या, दिवा वाढव. दिसत नसेल म्हणून तिनं नऊचा काढून वीसचा लावला. तरी म्हणायच्याच. मग चाळीसचा आणला आणि रात्रभर चालू ठेवला. पुढं पुढं त्या चांगल्या हातानं पदर तोंडावर ओढून घ्यायच्या. त्या रडतायत असं वाटून ती तो पदर हळूच बाजूला करायची.

आत्माराम स्टुलावरून खाली उतरला.

"आई मूळच्या कुठल्या?"

"राजापूरच्या."

"म्हणजे आमच्याकडच्याच..." त्यानं टेस्टर खिशात ठेवला. "वहिनी, आपण नारळ फोडला म्हणतो का?"

"नाही. वाढवला म्हणतो."

"आणि बांगडी फुटली तर?"

"वाढली..." ती म्हणाली, आणि तिथंच थांबली.

"दिव्याचं पण तसंच. विझव म्हणत नाहीत. अशुभ वाटतं. जुनी माणसं म्हणतात... दिवा वाढव."

पुढचं त्याला सांगावं लागलं नाही. दर गणपतीत ती स्वतः नारळ वाढवत आली होती. इंग्रजी शाळेत शिकली असली तरी तो शब्द तिच्या तोंडात होता. फक्त विजेच्या बल्बला तो लागतो हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. अकरा महिने एक म्हातारी बाई झोपायला अंधार मागत होती आणि ही तिला मायेनं उजेड देत होती. निशिगंधा ओट्याला धरून खाली बसली आणि हुंदके देऊन रडली. आत्मारामला तिची फार दया आली, पण तिच्या डोक्यावर हात ठेवण्याइतकी ओळख नव्हती.

आठ वाजत आले तसा बल्ब थरथरू लागला. मग वास आला, कोमट पेजेचा. गॅस तर बंद होता. आत्मारामचा हात बटणाकडे गेला आणि त्यानं तो मागं घेतला.

"तुम्हीच करा, वहिनी... तुम्हाला सांगितलेलं काम आहे."

ती उठली. "वाढवला हो, आई..." असं म्हणून तिनं बटण दाबलं.

अंधारात खिडकीखालून कुणीतरी मोठा श्वास सोडला. डोक्यावरचा भारा उतरवल्यावर माणूस सोडतं तसा. आत्मारामनं चाचपडत पिशवी उचलली, दारात चप्पल घालताना आत वळून हात जोडले, आणि जिना उतरून तो पेणकरपाड्याला घरी गेला.

त्यानंतर लाईट कधी गेली नाही. निशिगंधा साडेसातला जेवून घेई आणि आठच्या ठोक्याला स्वतः दिवा वाढवी. दोन महिने असे गेले. मनाला थोडी शांतता आली, झोप लागू लागली.

मग एक दिवस ऑफिसनं बोलावलं. तिन्हीसांजेला घर अंधारात नको म्हणून ती सकाळी स्वयंपाकघरातली लाईट लावून गेली आणि परत यायला नऊ वाजले. कुलूप उघडलं तर आत काळोख. बल्ब गेला असेल, तिनं मनाशी म्हटलं, आणि मोबाईलचा टॉर्च लावला.

बल्ब गेला नव्हता. बटण बंद केलेलं होतं. बटणावर पेजेचा ओला डाग होता, बोटाएवढा. आई गेल्यापासून या घरात पेज शिजली नव्हती.

जिला अकरा महिने कूस बदलता आली नाही, तिला आज उठावं लागलं होतं.

"मला उशीर झाला, आई..." निशिगंधा म्हणाली. बोलता बोलता टॉर्च खिडकीकडे वळला. खाट तिथं नव्हतीच. ती केव्हाच देऊन टाकली होती. नुसती फरशी होती. आणि त्या रिकाम्या जागेतून सुती पदर तोंडावर ओढून घेतल्याचा आवाज आला.

निशिगंधानं घाईघाईनं टॉर्च वाढवला.