निमखेडीचा नमुना

सगुणाची साखर त्या आठवड्यातही तिच्या जावेच्या दंडावर होती.

वैशाली चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. दर थापेसरशी तिच्या दंडावरची चकती हलत होती. चकती म्हणजे रुपयाएवढा, कातडीच्या रंगाचा तुकडा. त्याच्या पोटात केसाहून बारीक सुया. टोचल्याचं कळायचंसुद्धा नाही. दर तीन महिन्यांनी ती आठवडाभर लावायची. कातडीखालच्या पाण्यातून ती साखर मोजायची आणि आकडा सरळ राजधानीतल्या केंद्राला कळवायची. चकतीवर नाव सगुणाचं होतं. दंड तेवढा वैशालीचा होता, कारण वैशालीनं दगड खाल्ला तरी पचायचा आणि सगुणाला नवव्या वर्षापासून मधुमेह होता. तिच्या शरीरात इन्सुलिन तयारच व्हायचं नाही. रोज चार वेळा सुई घेतली तर ती जगायची, नाही घेतली तर नाही. सव्वीस वर्षांची झाली होती ती अशीच, सुई-सुई करत.

"बाई, गुळाचा चहा पेता का?" सगुणानं विचारलं.

"नको माय. तुही साखर हाय माह्या अंगावर. आठ दिवस लय जपून राहा लागते मले."

दोघी हसल्या. सगुणानं आपलं सुईपेन उचललं. पेन सरकारी, कुलपाचं. केंद्र सांगेल तेवढीच मात्रा त्यातून सुटायची. तिनं कळ दाबली. पेन गप्प. पुन्हा दाबली. मग पेनाच्या चिमुकल्या पडद्यावर अक्षरं सरकत गेली: आपली मात्रा शून्य. आपले गाव मधुमेहमुक्त झाले आहे. अभिनंदन.

"बिघडलं वाटते," सगुणा म्हणाली.

बिघडलं नव्हतं.

निमखेडीत चाळीसेक घरं जिनिंगवर जाणारी. हंगामात बाया दहा-दहा तास कापसाच्या ढिगात उभ्या. अशा गावात सरकारनं साखर साक्षरता योजना आणली आणि शिकवायला कुंदा इंगोले नावाची बाई नेमली. पद कंत्राटी, नाव मात्र गोड: मधुसखी. तिला एक ताटाचं चित्र दिलं. अर्ध्या ताटात पालेभाजी, पाव ताटात डाळ, कोपऱ्यात चार बदाम. गावात डाळ शिजायची आठवड्यातून दोनदा. पहिल्याच वर्गात म्हातारी द्वारकाबाई बोळक्या तोंडानं म्हणाली होती, "कुंदाताई, हे ताट कोणाच्या घरचं हाय? आपण तिथंच जेवाले जाऊ." हसून हसून वर्ग मोडला होता.

कुंदानं चित्र गुंडाळून ठेवलं आणि तिला जे येत होतं ते केलं. रोज संध्याकाळी बायांचे पाय कोमट पाण्यात धुवून बोटांच्या बेचक्या बघितल्या. सुई कुठं टोचायची, घाम फुटला तर आधी काय खायचं, हे हाताला धरून शिकवलं. वरती अर्ज केले: जिनिंगमध्ये अनवाणी उभ्या राहतात, चपला द्या, रेशनवर डाळ वाढवा. उत्तर म्हणून आणखी एक चित्र आलं. त्यात एक गोरी बाई बागेत चालत होती.

दुसऱ्या वर्षी फर्मान निघालं. ज्या गावाचे आकडे लाल, म्हणजे साखर चढलेली, त्या गावाची मधुसखी बंद. तिच्या जागी फोनवर बोलणारं यंत्र. निमखेडी लालभडक होती. यंत्राला पाय धुता येत नाहीत, हे गावाला कळत होतं. वरती कळत नव्हतं.

मग जे घडलं ते कुठल्या चोराच्या डोक्यातून निघालेलं नव्हतं. निमखेडीत मुलगी बघायला पाहुणे येणार म्हटलं की सगळी गल्ली कामाला लागते. कुणाकडच्या कपबशा, कुणाची सतरंजी, कुणाच्या कानातली फुलं. पाहुण्यांपुढं जे मांडायचं ते गावानं मिळून मांडायचं, त्यात कुणाला खोटेपणा वाटत नाही. द्वारकाबाईच म्हणाली, "तपासणीचा आठवडा म्हंजे पाहुणेच की व. सतरंजी मागून आणतो, तर दंड कायले नाही?" आणि चकत्या सुनांच्या, जावांच्या, शेजारणींच्या दंडांवर गेल्या. कुंदानं पाहिलं. एकदा "नका करू" म्हणाली. दुसऱ्यांदा म्हणाली नाही. तिसऱ्या वेळी तिनंच चकत्या चिकटवून दिल्या. तेव्हा आकड्यांवरून फक्त गावाचा रंग ठरायचा, औषध ठरत नव्हतं. नुकसान कुणाचं होतं? निमखेडी हिरवी झाली. जिल्ह्याच्या ठिकाणी कुंदाच्या गळ्यात हार पडला.

आणि आता हे पेन.

कुंदा दुपारी आली तेव्हा सगुणाला दोनदा उलटी झाली होती. कुंदानं वैशालीच्या दंडावरची चकती सोलून काढली आणि सगुणाच्या दंडावर दाबली. आकडा आला चारशे बारा. कुंदाला क्षणभर बरं वाटलं. निदान आता खरं वर पोचेल. पाच मिनिटांनी उत्तर आलं: नोंद अग्राह्य. पूर्वीच्या नोंदींशी विसंगत. चकती सदोष आहे, जमा करावी.

"म्हणजे काय व ताई?" वैशालीनं विचारलं.

"म्हणजे तुही साखर खरी आन् हिची खोटी," कुंदा म्हणाली. "उठा. रिक्षा बोलवा."

तालुक्याच्या रुग्णालयात तरुण डॉक्टरीणबाईंनी सगुणाचा श्वास ऐकला. खोल, जोराचा श्वास. तोंडाला पिकल्या फळासारखा वास. त्यांनी काही न विचारता सलाईन लावलं.

"इन्सुलिन?" कुंदानं विचारलं.

"माझ्या कपाटातलंही त्याच कुलपात आहे, मावशी. दुकानातलंही. केंद्रानं यादीतून नाव काढून टाकलं की कुठूनच सुटत नाही. पाणी देऊ शकते मी. पाण्यावर उद्यापर्यंत ओढता येईल. वरच्या मजल्यावर योजनेचे समन्वयक बसतात, त्यांच्याकडे जा. पळत जा."

कुंदा पळत गेली. पिशवीत एक कागद होता, येताना रिक्षात गुडघ्यावर ठेवून लिहिलेला. अक्षर धक्क्यांनी वेडंवाकडं झालं होतं, पण मजकूर सरळ होता: निमखेडीचे मागील दीड वर्षाचे आकडे खोटे आहेत. चकत्या मी स्वतः निरोगी माणसांना लावल्या. खाली सही.

समन्वयक गजानन बोबडे डबा खात होते. माणूस वाईट नव्हता. हारतुऱ्याच्या दिवशी त्यांनीच कुंदाला पुढच्या रांगेत बसवलं होतं. त्यांनी कागद वाचला, घास गिळला आणि उठून दार लावून घेतलं.

"बसा, कुंदाताई."

"बसायला वेळ नाही साहेब. पोरगी खाली मरून राह्यली."

"म्हणूनच बसा." त्यांनी टेबलावरचा पडदा तिच्याकडे वळवला. राज्याचा नकाशा होता, चार जिल्ह्यांभोवती जाड रेघ मारलेली. "केंद्रातल्या यंत्रानं सगळ्या राज्याचे आकडे चाळले. एकच गाव सापडलं, जिथं औषध न वाढवता, नुसत्या शिकवणीनं साखर उतरली. तुमचं. त्याला निमखेडी नमुना म्हणतात. पहिल्या तारखेपासून या चार जिल्ह्यांत तो लागू झालाय. शिकवणी वाढवायची, मात्रा उतरवत न्यायची. जिथं गाव हिरवं होईल, तिथं शून्य."

कुंदा नकाशाकडे बघत राहिली. तिला आपल्या वर्गातली ती फाटकी सतरंजी दिसत होती आणि तिच्यावर चार जिल्हे बसलेले दिसत होते.

"किती माणसं?"

"मधुमेहाची? लाखाच्या वर."

"सगुणासारखी, सुईवाचून न जगणारी?"

"तसं वेगळं काढलेलं नाही," बोबडे म्हणाले, आणि स्वतःच्याच वाक्यानं त्यांची मान खाली गेली.

"मग हा कागद पाठवा ना. आत्ता पाठवा. नमुनाच खोटा हाय."

"पाठवतो. पण आधी ऐका. खोटी माहिती दिली म्हणून निमखेडीची एकेचाळीसच्या एकेचाळीस माणसं चौकशीपर्यंत योजनेबाहेर. नियम आहे. पेन तर बंद आहेतच, गोळ्याही बंद. चौकशी कमीत कमी तीन महिने."

"सगुणाले उद्यापर्यंत हाय."

"माहीत आहे." बोबडेंनी डब्याचं झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. "दुसरा रस्ता आहे. तिचं माहेर कुठलं?"

"हिवरा. पलीकडल्या तालुक्यात."

"ते गाव अजून लाल आहे. मी तिला माहेरच्या पत्त्यावर नवीन रुग्ण म्हणून दाखवतो. पाच मिनिटांत पेन उघडेल. तुमच्या बाकीच्या चाळीस जणांना औषधावर ठेवायची व्यवस्था मी हळूहळू करीन, गाजावाजा न करता. पण मग हा कागद नाही. दोन्ही नाही जमणार. निमखेडी खोटी ठरली की तिथली सून कुठल्याही पत्त्यावर खोटीच ठरते."

"म्हणजे एक वाचवू आन् बाकीच्याईले मरू देऊ."

"मी असं म्हणालो नाही."

"तुम्ही काहीच म्हणत नाही, साहेब. तुम्ही लोकं ताट काढून दाखवता, डाळ देत नाही. चाला म्हणता, चप्पल देत नाही. आन् मंग आकडे मांगता. आम्ही आकडेच देले. तुम्हाले तेच पायजे होते. दीड वर्सात एक माणूस आला का पाहाले, का ह्या बायांच्या पायाच्या जखमा तशाच हायत अन् साखर कशी उतरली म्हणून? हार घालताना तुमच्या हाताले कळलं नाही का?"

खालून जिन्यात वैशालीची हाक आली. नुसतं "कुंदाताई" एवढंच.

कुंदानं नऊ वर्षांच्या सगुणाला पहिली सुई स्वतःच्या मांडीवर टोचून दाखवली होती. तेव्हा ती मधुसखी नव्हती, हिवऱ्याच्या अंगणवाडीत मदतनीस होती. पोरगी म्हणाली होती, आता तुला दुखलं ना, मग मला कमी दुखेल. पुढं निमखेडीत राहायला आल्यावर कुंदानं तिच्यासाठी स्वतःच्या ओळखीनं तिथलंच स्थळ आणलं होतं, म्हणजे लग्नानंतरही ती डोळ्यांसमोर राहील.

चार जिल्ह्यांतल्या माणसांची तोंडं कुंदाला माहीत नव्हती. हे तोंड माहीत होतं.

तिनं टेबलावरचा कागद उचलला. फाडला नाही. चौघडी करून ब्लाउजमध्ये खोचला.

"माहेरचं नाव सगुणा दिगंबर मोहोड," ती म्हणाली. "लिहा."

पाच मिनिटं लागलीच नाहीत. डॉक्टरीणबाईंच्या कपाटाचं कुलूप खटकन उघडलं. थेंब थेंब औषध नळीतून जाऊ लागलं. दोन तासांनी श्वास शांत झाला, चार तासांनी सगुणानं डोळे उघडून पाणी मागितलं. वैशाली तिच्या पायाशी बसून रडली, मग म्हणाली, "आता कधी माह्या दंडाले हात लावशीन तर पाह्य."

सगुणा अशक्त हसली. "ताई, बाकीच्याईचं काय झालं? द्वारकाआत्याचं पेन?"

"होईल," कुंदा म्हणाली.

"कसं होईन?"

कुंदा तिच्या केसांतून हात फिरवत राहिली. ब्लाउजमधला कागद घामानं ओला होऊन छातीला चिकटला होता. उद्या पाठवू, सगुणा उठून बसली की. परवा पाठवू, तिला घरी सोडलं की. पण सगुणाला औषध जन्मभर लागणार होतं, आणि ज्या दिवशी कागद जाईल त्या दिवशी ते बंद होणार होतं. असा दिवस कुठून आणायचा?

तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर. कानाला लावता लावता कुंदाचं बोट भलतीकडेच पडलं आणि आवाज मोठ्यानं खोलीत घुमला.

"कुंदाताई इंगोले बोलतात का जी? मी मीरा तायडे, लोणवाडीची मधुसखी. तुमचा सत्कार झाला तवा मी मांगच्या रांगेत होतो. तुमचा नमुना आता आमच्याकडं लागला ना."

"बोल बाई," कुंदा म्हणाली.

"माह्याकडं सोळा वर्साची एक पोरगी हाय, प्रणाली. तिची मात्रा उतरवली यंत्रानं. मी सगळं तुमच्या नमुन्याच्या सरकारी पुस्तकाबरहुकूम केलं, ताई. ज्वारी, पालेभाजी, जेवणानंतर चालणं, एक दिवस चुकला नाही. तरी ते कालपासून ओकून राह्यली. श्वास कसातरी घेते. डॉक्टर म्हणतात शिकवण्यात कमी पडली असशीन." पलीकडे कुणीतरी कण्हत होतं. मीराचा आवाज फोनच्या जवळ आला, हळू झाला. "माही चूक असन तर मी सुधरवतो. फक्त मले सांगा. तुमच्या गावात तशीच एक सूनबाई हाय म्हणे, सुईवाली, तिचीसुद्धा साखर उतरली म्हणे."

सगुणानं उशीवरची मान वळवली. ती कुंदाच्या तोंडाकडे बघत होती.

"ताई, हाय ना तुम्ही? तिले तुम्ही नेमकं काय शिकवलं होतं?"