भामाबाईचा डबा

सामान भरून झालं ना गाडीत? मग बसा इथं गच्चीवर थोडा वेळ. तनुजा, तुझी गिटार भिंतीला नीट टेकव, पडंल. सकाळी सहाला नांदेडला निघायचं म्हणता, म्हणजे झोप काही कुणाला लागणार नाही. तुमच्या बँडचा पहिलाच दौरा. आणि अतुल, तू मघाशी विचारत होतास, की साहेबराव काका, ड्रायव्हरच्या सीटवर ती जाडजूड गोधडी कशाला टाकलीय? सांगतो. ऐकीव नाही. ज्याच्यावर गुजरलं तो कडुबा बारा वर्षं माझ्या शेजारी स्टँडवर गाडी लावायचा.

कडुबा मूळचा शेंद्र्याचा. जमीन एमआयडीसीत गेली, त्या पैशातून त्यानं ही ट्रॅव्हलर घेतली आणि इथं पुंडलिकनगरात राहायला आला. लग्नाची वऱ्हाडं, वेरूळच्या सहली, असली भाडी करायचा. मग त्याला 'कोरडवाहू' बँडचं काम मिळालं. नाव ऐकलं असेल तुम्ही. चार पोरं. ढोल-गिटारचा दणका शहरी, पण गाण्याचे शब्द आपल्या मातीतले. गायचा सुयश. चांगल्या खात्यापित्या बागायतदाराचा मुलगा. आवाज असा, की ऐकणाऱ्याला वाटावं, हा आपल्याच ओट्यावर बसून गातोय. गाणी कसली, तर सगळ्यांनी एका पंगतीत बसावं, कुणी उंच नाही, कुणी नीच नाही. पोरंपोरी रडायची ऐकून.

कार्यक्रम संपला की लोक गाडीभोवती जमायचे. कुणी चित्र काढून आणायचं, कुणी चिठ्ठी, कुणी हातानं विणलेली टोपी. सुयश प्रत्येकाच्या गळ्यात पडायचा. मग गाडीचं दार लागायचं, आणि तो खिशातून सॅनिटायझरची बाटली काढून कोपरापर्यंत हात चोळायचा. चिठ्ठ्या मोठ्यानं वाचून नकला करायचा. टोप्या पायपुसणं व्हायच्या. कडुबाला आरशात हे सगळं दिसायचं. "मला त्या पोराची किळस यायची," असं तो सांगायचा. पण हे सांगताना तो आपल्याच हातांकडं बघत बसायचा. का, ते शेवटी कळंल.

त्या लोकांत एक भामाबाई होती. साठीची, चितेगावच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायची. कामावरच्या कुणाच्या तरी मोबाइलवर तिनं ते पंगतीचं गाणं ऐकलं आणि येडी झाली. शहरात, बिडकीनला, जालन्याला, जिथं एसटीनं जाता येईल तिथं हजर. ढोलाच्या दणक्यात कानावर पदर घेऊन, पण पहिल्या रांगेत. दोन्ही हातांवर तव्याच्या चटक्यांचे डाग. आणि दर वेळी एक स्टीलचा डबा, झाकणावर टोचून नाव घातलेलं, भामाबाई. आत ज्वारीचे धपाटे, ठेचा, वांग्याची भाजी.

पहिल्यांदा आली तेव्हा तिनं कडुबाला हात जोडून "जय भीम, भाऊ" केलं आणि डबा पुढं धरला. "दादाला द्या. म्हनावं, मी केलंय. तुमी बी घ्या एखादा."

"आज उपास हाय, बाई," कडुबा म्हणाला.

सुयशनं मात्र लगेच झाकण उघडलं, सगळ्यांसमोर धपाटा मोडला, तोंडात घातला. लोकांनी फोटो काढले. हजारो लोकांनी तो फोटो पाहिला. आणि गाडी चौकाच्या पुढं गेल्यावर त्यानं काच खाली करून तो घास थुंकला. पाण्यानं तीनदा चूळ भरली. "कुणाच्या हातचं खायचं याला काही आहे की नाही, काका?" असं म्हणून डबा पुढं सरकवला. कडुबा हसला. त्यानं डबा रस्त्याच्या कडेला कुत्र्यांपुढं पालथा केला.

आता डबा रिकामा परत द्यायचा नसतो, हे कडुबाच्या हाडीमाशी मुरलेलं. म्हणून पुढच्या वेळी त्यानं चहाच्या टपरीवर डबा धुतला, आत चिमूटभर साखर टाकली आणि बाईला दिला. "दादाला लई आवडलं. साखर त्यानंच टाकली."

तिनं झाकण उघडून पाहिलं आणि नुसती हसली. असं सात वेळा झालं. सात डबे कुत्र्यांना, सात चिमटी साखर, आणि सात वेळा "लई आवडलं". "तुमी बी घ्या, भाऊ," हेही सात वेळा. वार कुठलाही असो, कडुबाचा उपास असायचाच.

आठवा डबा जालन्याला मिळाला, दिवाळीनंतर, नऊ नोव्हेंबरला. त्या रात्री घाई होती. सुयशनं तो पायानं मागच्या सीटखाली ढकलला, त्यावर वायरींचं खोकं आलं, आणि डबा सगळ्यांच्या डोक्यातून गेला.

मग गाडीत वास यायला लागला. उंदीर मेला असेल म्हणून कडुबानं दोनदा गाडी धुतली, पण ते खोकं कुणी हलवलं नाही. उदबत्ती लावली तर उदबत्तीचा वास मरायचा आणि तो राहायचा. आंबट, ओला, घशात बसणारा.

आता ती रात्र. २०२४ सालचा डिसेंबर, चौदा तारीख, शनिवार. दत्तजयंती होती, पौर्णिमा. पैठणला कार्यक्रम झाला. भामाबाई आली नव्हती. पण सुयश तिच्यावर बोलला. "मला माझी जात विचारू नका," माइकवर म्हणाला, "मी भामामावशीच्या हातचं खाऊन मोठा झालो." सगळं मैदान उठून उभं राहिलं. कडुबा मागं गाडीपाशी उभा होता.

बाकीची पोरं पैठणलाच मित्राकडं राहिली. सुयशला घरची गादी हवी होती. म्हणून गाडीत दोघंच. बिडकीन गेलं. थंडी मजबूत, काचा बंद. आणि आत तो वास.

"काका, काहीतरी मेलंय गाडीत," सुयश मागून म्हणाला. मग कानात हेडफोनची बोंडं घालून डोळे मिटून पडला.

चितेगावच्या थांब्यावर दिव्याखाली बाई उभी होती. डोक्यावर पदर. बारा वाजून चाळीस मिनिटं झाली होती, कडुबानं घड्याळ पाहिलं. सवयीनं पाय ब्रेकवर गेला, काच खाली केली.

"जय भीम, कडुबा भाऊ."

"बाई, येवढ्या रातीचं? थंडी किती हाय."

"मला नाय वाजत थंडी. माजा डबा ऱ्हायलाय, जालन्याचा."

आणि कडुबाला एकदम आठवलं. मागची सीट. खोकं. पाच आठवडे. तो वास कशाचा, हे त्याला त्या क्षणी कळलं.

"उद्या आनून देतो, बाई. धुऊन..."

"आन् दादाला आवडलं का, या खेपंला?"

काय सांगावं? तोंडाला जी सवय लागली होती तेच बाहेर पडलं. "लई आवडलं."

बाई त्याच्याकडं बघत राहिली. पापणी न हलवता. मग म्हणाली, "न उघडताच?"

कडुबानं नजर समोरच्या रस्त्याकडं फिरवली.

"असू द्या. उपाशी असंल लेकरू. मी घालते जेवू."

दार उघडल्याचा आवाज झाला नाही. गाडी मात्र मागून जराशी खाली बसली. माणूस चढल्यावर बसते तशी. थांबा रिकामा होता.

कडुबानं काच वर केली, गिअर टाकला. दुसरं काय करणार? मागं वळायची छाती झाली नाही. आरशात अंधार. रस्त्यावर एकही गाडी नाही.

मग मागून खोकं सरकल्याचा आवाज आला.

मग डब्याचं झाकण.

पोरांनो, तो वास मला कडुबानं नुसता सांगितला, तरी त्या दिवशी मी जेवलो नाही. गाडीत कडुबाच्या डोळ्यांतून पाणी आलं. हात काचेकडं गेला... काच खाली होईना.

"नको," सुयश म्हणाला.

डब्याच्या तळाशी बोटं फिरल्याचा आवाज.

"नको... मावशी, नको..."

मग बोलणं थांबलं. आणि चावण्याचा आवाज सुरू झाला. सावकाश. ओला. एक घास. गिळला. दुसरा घास.

समोरून एक ट्रक आला. त्याच्या उजेडात आरशात एवढंच दिसलं. सुयशचं तोंड उघडं. गालांवर पाणी. आणि तोंडाशी एक हात, मनगटापर्यंत चटक्यांच्या डागांचा. बोटांवर काळंहिरवं, केसाळ काहीतरी. त्यात पांढरं वळवळणारं...

ट्रक गेला. अंधार.

"खा, लेकरा. पोटभर खा."

घास... गिळला.

घास...

नक्षत्रवाडीचे दिवे दिसले तेव्हा आवाज थांबला. कडुबानं गाडी बाजूला घेतली, उतरला, मागचं दार उघडायला गेला. दार आतून लॉक. पुढून आत शिरून मागं गेला. सुयश एकटाच बसला होता, मांडीवर डबा. डबा लख्ख, घासून धुतल्यासारखा. तळाशी चिमूटभर साखर. सुयशच्या ओठांवर काळसर चिकट ओघळ, पण तो ओकला नाही. ओकायचा प्रयत्नही केला नाही त्यानं.

"दादा... काय झालं?"

डब्यात बघत तो म्हणाला, "चांगलं झालं होतं, काका."

तेवढंच. त्यानंतर तो कधी स्टेजवर चढला नाही. बँड मोडला. शेतावर असतो म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडुबा डबा घेऊन चितेगावला गेला. विचारत विचारत घर सापडलं. दारात भामाबाईची लेक, दीपमाला. आत फळीवर बुद्धाची मूर्ती, शेजारी भामाबाईचा फोटो, फोटोला हार. जालन्याहून आली त्याच रात्री छातीत दुखलं तिच्या. दहा नोव्हेंबरची पहाटही पाहिली नाही.

दीपमालानं डबा हातात घेतला, झाकण उघडलं. साखर पाहिली आणि तिचे डोळे भरून आले. "रिकामा नाय दिला, बरं केलं. आईला लई कवतिक व्हतं याचं." फळीवरची एक लहान काचेची बाटली तिनं काढून आणली. तळाशी थोडीशी साखर. "सातही खेपंची ठिवलीय. दादानं दिलेली म्हनून चहात बी घालू दिली नाय आम्हाला." आणि डब्यातली चिमूट तिनं बाटलीत ओतली.

कडुबा बघत राहिला. टपरीवरची साखर. त्यानंच उचललेली.

"चहा टाकते, मामा."

"आत्ताच घेऊन आलो."

"आई म्हनायची, भाऊचा सारखा उपास असतो. पन तुमी धपाटा खाल्ला असंल ना, एखादा तरी?"

"व्हय. लई चांगले असायचे."

ती हसली. आईसारखीच हसते म्हणे. कडुबा बाहेर आला. गाडी बंद होती, किल्ली त्याच्या खिशात. त्यानं दार उघडलं.

ड्रायव्हरच्या सीटवर एक धपाटा होता. एकच. गरम. वाफ निघत होती.

काय म्हणालीस, तनुजा? खाल्ला का त्यानं?

...

बराच वेळ उभा होता. हात पुढं केला त्यानं, मला शपथेवर सांगितलंय. धपाट्यापर्यंत गेलाही हात. ताजा, खमंग, भुकेच्या माणसानं उचलून खावा असा. आणि समोर कुणी नसताना, रिकाम्या गाडीत, कडुबाच्या तोंडून शब्द गेले.

"आज उपास हाय, बाई."

रविवार होता.

कागदात गुंडाळून त्यानं तो रस्त्यावरच्या कुत्र्यापुढं टाकला. कुत्र्यानं हुंगला, आणि कडुबाकडं एकदा बघून निघून गेलं. महिन्याभरात त्यानं गाडी मला विकली. मी तेव्हा विचारलं नाही का विकतोस. त्यानं सांगितलं ते नंतर, आणि सांगितल्यावर मलाही त्याच्या हातचा चहा घ्यावासा वाटेना. अजून वाटत नाही.

उद्या लोक येतील तुमच्याभोवती. कुणी काय आणंल ते आणंल. मी काही सांगत नाही, तुमचं तुम्ही बघा.

आणि ती गोधडी. सीटचं कव्हर मी दोनदा बदललंय, आतला फोमसुद्धा. तरी तिथं तेलाचा गोल डाग उठतो, धपाट्याएवढा. किल्ली घे, अतुल. खाली जा, गोधडी बाजूला कर आणि हात लावून बघ. गाडी दुपारपासून बंद आहे, बाहेर एवढी थंडी आहे...

डाग अजून गरम असंल.