मोकळी सोडलेली बाजू

साताऱ्याच्या क्रीडाविज्ञान प्रयोगशाळेत बास्केटबॉलचे प्रशिक्षक अनंत किर्दत घामाघूम होऊन उभे होते. समोरच्या पडद्यावर त्यांच्या सर्वांत गुणी खेळाडूचा निकाल झळकत होता: अपात्र.

"यंत्र बिघडलंय तुमचं!" ते तडकले.

"ठणठणीत आहे," समोरच्याची चाल आधीच हेरण्याची क्षमता मोजणारा हा पूर्ववेधमापक बनवणाऱ्या डॉ. फरीदा बागवान म्हणाल्या. "माणूस वळायच्या आधी त्याच्या स्नायूंत ताण भरतो. जातिवंत बचावपटूचा मेंदू तो ताण ओळखून ती वाट आधीच अडवतो. मुक्तानं चाळीस मुलींना असं रोखलं. चुकते ती फक्त तुमच्यापुढे. आणि शेवटची चाचणी प्रशिक्षकाविरुद्ध, हा नियम तुमचाच."

सोळा वर्षांची मुक्ता ढाणे भिंतीपाशी नखं कुरतडत होती. किर्दतांना भडभडून आलं. राष्ट्रीय शिबिराची ही शेवटची संधी, आणि त्यासाठी पोरीनं तीन वर्षं रक्ताचं पाणी केलं होतं.

"मुक्ता, माझी उजवी बाजू सताड मोकळी का सोडतेस गं?"

"तुम्ही तिकडनं येतच न्हाई की, सर."

"अगं, आत्ता दहा वेळा आलो!"

"आलासा, पण..." ती चाचरली. "तिकडं आधी जाऊन उभं राहायलाच लागत न्हाई. मी मागनं आले तरी चेंडू घावतोय."

बागवानबाईंनी जुन्या चाचण्या उघडल्या.

"जूनमध्ये ती तुमच्या उजवीकडे पुरतं पाऊल टाकायची. सप्टेंबरात अर्धं, तेवढ्यालाही यंत्र पूर्ण गुण देतं. आज तेही नाही. किर्दत, पोर चुकलेली नाही. तुमच्या उजव्या पायात ताण भरतच नाहीये. मज्जातंतू मरत चाललेत."

दिवाळीपासून उजव्या पायातली चप्पल निसटत होती. किर्दतांनी दोनदा नवी घेतली होती.

"मग लिहा की, पात्र."

"कारण लिहावं लागेल. उद्यापासून मैदान बंद होईल तुम्हांला."

"लिहा म्हणतो ना!"

बागवानबाईंनी लिहिलं. लाल अक्षरं हिरवी झाली. मुक्ता रडत होती. किर्दतांनी चेंडू उचलला.

"रडतेस काय? डावा पाय शाबूत आहे अजून. चल, अडव."

ते सगळं बळ एकवटून डावीकडे झेपावले. मुक्तानं त्या बाजूला पाऊल टाकलं.

अर्धंच.