लांडग्याच्या पंजांचे हातमोजे

न्युकूसला वागायची काही रीत म्हणून नव्हती. उसनी जोडी परत करायची तर जोडीनं करावी ना? हा टपाल्या माझ्या नवऱ्याचे हातमोजे एकेक करून आणायचा!

नदी गोठली त्या आठवड्यात त्याची घसरगाडी पातळ बर्फात फसली. भिजल्या हातांनी आमच्या दारात उभा राहिला, बोटं पांढरीफटक. माझ्या नातीनं, मार्पानं, ती आपल्या तळव्यांत धरली... आणि ऊब आली तरी सोडलीच नाहीत. मीच खाकरले.

मग पेटीतले हातमोजे काढून दिले. लांडग्याच्या पंजांच्या कातडीचे, मनगटाशी चीर असलेले. दोर बांधायचा तर चिरेतून हात बाहेर काढायचा, मोजा उतरवायचा नाही.

आठ दिवसांनी एकच घेऊन आला.

"आजी, चिरेपाशी टाका उसवलाय."

"अन् दुसरा?"

"तो हातात नको? घोडा कसा हाकू?"

मार्पा मान खाली घालून शिवायला बसली. "लगाम फार ओढता वाटतं?"

"मी कुठं? या वाटेला लागला की घोडाच ओढतो..."

पुढच्या खेपेला दुसरा उसवला. मग पुन्हा पहिला. हिवाळा असाच सरला.

शेवटच्या खेपेला मात्र त्यानं दोन्ही आणून चुलीपाशी ठेवले. "बर्फ फुटलं की माझी बदली उत्तरेला, समुद्राकडे. तीन वर्षं तरी..."

मार्पा चहा ओतत होती. वाटी भरून वाहिली, तरी ओततच राहिली. 

मी हातमोजे चाचपले. माझी जवळची नजर गेलीय, टाका दिसत नाही, पण बोटं शाबूत आहेत. मार्पाला शिवण मी शिकवली. तिच्या हातचं कातडं फाटेल, टाका सुटायचा नाही. इथं तर दोरा गाठीविनाच सोडलेला!

"गाठ मारायला विसरलीस का गं? दर खेपेला?"

ती कानापर्यंत लाल.

न्युकूस बघतच राहिला. "म्हणजे तू... आणि मी वेडा, पहिल्या खेपेनंतर वाटेत दातांनी उसवायला बघायचो — तर टाका आधीच सुटलेला!"

"मग विचारायचं होतं," मार्पा पुटपुटली.

"तू नाही म्हणाली असतीस तर?"

मी सुई मार्पापुढे टाकली. "मार आता गाठ. पक्की." आणि त्याच्याकडे वळले.

"न्युकूस, तू लबाड आहेस, त्याहून जास्त भित्रा आहेस. हातमोजे घाल आणि नीघ. बर्फ फुटायच्या आत आईला घेऊन मागणी घालायला ये. एकटा आलास तर दार उघडायची नाही मी!"