आठ आणि तेवीस

"आठ आणि तेवीस!" ज्ञानप्रकाशम सरांनी पुकारा केला आणि मेकला दचकून उभी राहिली. तेवीस हा तिचा हजेरी नंबर. दर शुक्रवारी दोघांनी वर्गापुढे उभं राहून पाच मिनिटं इंग्रजीत बोलायचं आणि ते दोघं कोण हे कॉम्प्युटरनं ठरवायचं, असा सरांचा नवा नियम होता. एक ते अठ्ठेचाळीसमधले कुठलेही दोन आकडे काढणारा तो प्रोग्राम सी भाषेत लिहिला होता एळिलननं. आणि आठ नंबर... त्याचाच!

दुसऱ्याच वाक्याला ती अडखळली. एळिलननं ओठ न हलवता पुढचा शब्द पुटपुटला. तिनं चमकून पाहिलं—तर स्वारी साळसूदपणे खिडकीबाहेर बघत होती. तो तिला आवडला, तो तिथेच.

पण पुढच्या शुक्रवारी पुन्हा आठ आणि तेवीस. तिसऱ्या शुक्रवारीही तेच!

"ए मेकला, मशीनलासुद्धा कळलं की गं," तिची मैत्रीण वेण्णिला तिच्या कानाशी लागली.

बाकीच्यांची आयती सुटका होत होती, मग तक्रार कोण करणार? मेकला मात्र धुसफुसत होती. कारैकुडीच्या त्या कॉलेजात मुलगा-मुलगी जिन्यात दोन मिनिटं थांबली तरी बातमी संध्याकाळच्या आत घरी पोचायची. आणि त्याहून मोठं दुखणं वेगळंच होतं. शुक्रवारची ती वाट बघायला लागली होती, आणि ते शुक्रवारच खोटे निघाले तर? पोरं पैज लावून गंमत करत असतील तर? नक्की कुठेतरी पाणी मुरत होतं.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत ती थेट लॅबमध्ये गेली. एळिलन एकटाच होता.

"तो प्रोग्राम चालव."

"आत्ता?"

"आत्ता. माझ्यासमोर."

पडद्यावर आलं, आठ, तेवीस. तिनं स्वतः पुन्हा चालवला. आठ, तेवीस. पुन्हा... आठ, तेवीस!

"लबाड! आपले नंबर लिहूनच ठेवलेस!"

"नाही गं, शोध ना, कुठे दिसतायत?" त्यानं ओळीवर बोट ठेवलं. "मशीन आकडा देतं, त्याला अठ्ठेचाळीसनं भागायचं. बाकी उरते शून्य ते सत्तेचाळीस. त्यात एक मिळवला की झाला आपला नंबर. पण सुरुवातीला घड्याळातली वेळ द्यावी लागते. ती दिली नाही, तर दर वेळी मशीन तेच आकडे त्याच क्रमानं देतं. ती ओळ मी विसरलो."

"विसरलास?" तिचे डोळे बारीक झाले. "कधी कळलं तुला?"

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"पहिल्या शुक्रवारी खरंच माहीत नव्हतं. शप्पथ. दुसऱ्या शुक्रवारी... घरी जाऊन पुस्तक उघडलं, तेव्हा कळलं."

"मग दुरुस्त का नाही केलंस?"

"केलं असतं तर तू परत कधी बोलली असतीस माझ्याशी?"

ऐकून मेकलाला बरंही वाटलं. पण राग काही उतरेना. मला न विचारता? सगळ्या वर्गादेखत?

"घाल ती ओळ," ती म्हणाली. त्यानं मुकाट्यानं घातली. पडद्यावर एकतीस आणि पाच आले. ती मागे न बघता निघून गेली.

शुक्रवारी नंबर लागला वेण्णिलाचा आणि जाडजूड मुत्तैयाचा. सगळा वर्ग खिदळत होता. एळिलन शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसला होता. एकदाही त्यानं वर पाहिलं नाही. सुटले एकदाचे, असं मेकलानं मनाला तीनदा बजावलं. मन ऐकेल तर शपथ! हवं होतं तेच झालं होतं, आणि तिला रडू येत होतं.

वेण्णिला जागेवर येऊन बसली, तशी मेकला उठली.

"सर, अजून पाच मिनिटं आहेत. मी बोलते... एळिलनबरोबर."

वर्गात एकच गिल्ला!

धडपडत, बाकांना ठेचकाळत तो पुढे आला. "मेकला... आज मशीननं आपल्याला बोलावलेलं नाही," तो कुजबुजला.

"मी बोलावलंय. आणि हे बघ, पुन्हा काही लपवलंस तर याद राख," ती म्हणाली आणि सगळ्यांदेखत त्याच्याकडे बघून हसली.