खंडेनवमीच्या बॅटऱ्या

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, मी कुणाला शपथा घालायला बसलेलो नाही. पण हे घडलंय. माझ्या सख्ख्या मामाच्या डोळ्यांदेखत, आणि मी जन्मलो त्याच संध्याकाळी.

साल एकसष्ट. खंडेनवमी. नळदुर्गच्या अलीकडचं, हायवेलगतचं एक माळरान.

महांतप्पामामा फिरत्या दवाखान्याचे ड्रायव्हर होते. जीपच्या मागं ट्रेलर. त्यात एक खाट, औषधांचं कपाट आणि छताला एक बल्ब. नर्स उमाबाईंचा मुक्काम त्यातच. बल्बासाठी खाटेखाली दोन वेगळ्या बॅटऱ्या असायच्या, आणि त्या आता पार थकल्या होत्या. दिवेलागणीला बटण दाबलं की काजव्याएवढा उजेड.

इकडं माझ्या आईचे दिवस भरत आले होते. तिचं आधीचं मूल कंदिलाच्या मिणमिणत्या उजेडात, बाळंतपणातच गेलं होतं. या खेपेला मला लख्ख उजेड पाहिजे, असं उमाबाईंनी मामांना बजावून ठेवलं होतं. मामांचा जीव बहिणीत अडकलेला.

म्हणून त्या दुपारी ते माणिकप्पाच्या गॅरेजात गेले. त्याच्याकडं कोऱ्या बॅटऱ्या होत्या, पण जीपच्या मापाच्या. इंजिन उठवतील, तासन् तास दिवा धरणार नाहीत. कोपऱ्यात मात्र दोन मोठ्या पडल्या होत्या. पुलावरून खाली गेलेल्या एका ट्रकच्या. ड्रायव्हर जागीच संपला होता. बॅटऱ्यांना ओरखडाही नव्हता.

मामांनी त्याच उचलल्या.

माणिकप्पा म्हणाला, "आधी पुलावर नारळ फोड. त्याला म्हण, जा बाबा, सुटलास तू. मगच वायर जोड."

मामांनी मान डोलावली. पण पूल उलट्या बाजूला, आणि पूजा उरकायची होती. पूल उद्या बघू, असं त्यांनी ठरवलं.

जुन्या बॅटऱ्या गॅरेजातच टाकल्या होत्या. आणलेल्या दोन्ही त्यांनी ट्रेलरबाहेर पाटावर मांडल्या. हळदकुंकू लावलं, झेंडूची फुलं वाहिली. आणि खंडेनवमीला आमच्याकडचे ड्रायव्हर गाडीला म्हणतात, तेच सवयीनं म्हणाले...

"दगा देऊ नको. संगं ऱ्हा."

तेवढ्यात बैलगाडी येऊन थांबली. आत आई कण्हत होती.

एकच धावपळ उडाली. आईला खाटेवर घेतलं. अंधारून आलं होतं. उमाबाईंनी आतून दिवा लावायला सांगितलं. मामांनी दारातून हात घालून बटण दाबलं.

लख्ख उजेड पडला.

मामा बाहेर पायरीवर बसले. आत आईचं विव्हळणं. बाहेर... काहीच नाही. रातकिडेसुद्धा गप्प. बैलांनी कान टवकारलेले.

मग डिझेलचा वास आला.

जीप तर पेट्रोलची होती...

मामांनी मान वर केली. दारातला उजेड समोरच्या पाटावर पडला होता.

पाटावर बॅटऱ्या होत्या.

दोन्ही. हळदकुंकवासकट. जोडायच्या राहूनच गेल्या होत्या...

मामांनी ट्रेलरची बाहेरची झडप उघडून खाटेखाली हात घातला. जागा रिकामी. वायरची दोन्ही टोकं लोंबत होती.

त्यांना ओरडावंसं वाटलं. पण ओरडलो आणि उजेड गेला तर? ते हात जोडून पुन्हा पायरीवर बसले. ट्रेलर हळूच एका अंगाला दबला... शेजारी कुणी टेकावं तसा.

त्यांनी वळून पाहिलं नाही.

मी रडलो. उमाबाईंनी नाळ कापली, मला पुसून आईच्या कुशीत दिलं.

आणि बल्ब विझला.

दिवा आत्ताच कशाला घालवला, असं उमाबाईंनी विचारलं. मामांनी अंधारातच पाटाकडं वळून पुन्हा हात जोडले.

पुलावरचा नारळ त्यांनी कधीच फोडला नाही. शेवटच्या आजारात मला जवळ बोलावून एवढंच म्हणाले, "म्या त्याला ऱ्हा म्हणलो. जा म्हणाया जीभ उचलली न्हाय रं."

आता आमच्याकडं लाइट गेली की सगळा गाव अंधारात बुडतो. माझ्या उशाचा बल्ब मात्र... बराच वेळ जळत राहतो. डिझेलचा वास येतो. खाट एका अंगाला दबते. मला भीती वाटते, खरंच वाटते.

नारळ घेऊन मी त्या पुलावर जाऊन आलोय. एकदा नाही, कितीदा तरी. दर वेळी नारळ तसाच घरी आलाय.

ज्याच्या उजेडात मी जन्मलो, त्याला जा कुठल्या तोंडानं म्हणू?