विभावरीचा पोळपाट

"सुयश, तो नको रे नेऊस!"

शब्द निसटले आणि शोभनाने जीभ चावली. हात कणकेने माखलेले, तवा तापलेला, आणि समोर स्टुलावर चढलेला सुयश देवघरावरच्या फळीवरून पोळपाट उतरवत होता... विभावरीचा पोळपाट! शिसवी, काळाभोर, तीन पायांचा.

"व्हाय नॉट?" त्याने मागे न बघताच विचारलं. "पुढच्या शुक्रवारी अल ऐनला माझी आई माझ्याबरोबर ट्रकमध्ये असेल. दॅट्स ऑल."

माझी आई! शोभना तव्याकडे वळली. पोळी करपली होती.

विभावरी वारल्यावर ती चारुदत्तांशी लग्न होऊन आखातातल्या ह्या अल कुसैसच्या घरात आली तेव्हा सुयश जेमतेम नऊ वर्षांचा होता. पहिल्याच सकाळी तिने पोळ्यांसाठी हाच पोळपाट पुढे ओढला, आणि त्या एवढ्याशा पोराने तो तिच्या हातून हिसकावून छातीशी धरला. "माझ्या आईचा आहे!" चारुदत्त चिडून उठले होते, पण शोभनानेच त्यांना थांबवलं. त्या दिवसापासून ती ओट्याच्या थंडगार दगडावर पोळ्या लाटत आली. करामाच्या दुकानांत पोळपाटांचा ढीग पडलेला असे, पण नवा आणला तर जुना खरोखरीच अडगळीत जाईल, ह्या धाकाने तिने तो कधी आणला नाही. दर दसऱ्याला मात्र विभावरीचा पोळपाट खाली काढायचा, पुसायचा, त्यावर तेलाचा हात फिरवायचा आणि परत ठेवायचा. कोणी सांगितलं नव्हतं. कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

आता सुयश इंजिनियर होऊन पुण्याहून परत आला होता, आणि त्याला वेड लागलं होतं एका ट्रकचं. चारुदत्त ज्या वाहतूक कंपनीच्या वर्कशॉपचे मॅनेजर होते, तिच्या आवारात एक जुना नाकवाला ट्रक वर्षानुवर्षं वाळू खात पडलेला होता. तो त्याने मागून घेतला. अल ऐनच्या मोकळ्या मैदानात एक शर्यत होणार होती. ट्रकच्या मागे लोखंडी घसरगाडी जोडायची आणि ओढायची; जसजसं पुढे जावं तसतसं तिच्यावरचं वजन पुढे सरकतं आणि ती जमिनीला अधिकाधिक चिकटते. ज्याचा ट्रक सगळ्यात लांब जाईल तो जिंकला. त्यासाठी सुयशने ट्रकचा टर्बो मोठा केला, डिझेलचा पंप वाढवला, हवेचा फिल्टर काढून तिथे वीतभर तोंडाचा उघडा पाइप बसवला. इंजिन चालू झालं की तो पाइप अशी हवा ओढायचा की जवळ उभं राहिलं तर ओढणी आत जाईल!

शोभनाने एकदाच भीत भीत विचारलं होतं, "काही झालं तर चावी काढली की बंद पडेल ना रे?"

सुयश खदाखदा हसला होता. आई तो तिला कधी म्हणालाच नव्हता, मावशीच म्हणायचा. "मावशी, डिझेल आहे! टर्बोचं सील फुटलं तर इंजिन स्वतःचंच तेल पिऊन पळत सुटतं. मग चावीला कोण विचारतो? फाटेपर्यंत पळतं. त्याचं नाक दाबावं लागतं. हवा बंद, खलास!"

"मग नाक दाबायची सोय केलीस का?"

"झडप बसवलीय. केबल जोडायची राहिलीय फक्त. रिलॅक्स!"

त्या दिवसापासून शोभनाची झोप गेली. मिक्सर फिरला तरी ती दचकून बटण बंद करायची. पण बोलणार कोणत्या तोंडाने? शेजारच्या स्मिताताईंनी भिशीत सगळ्यांदेखत म्हटलंच होतं, "सख्खी असती तर पोराच्या पायात पाय घालून आडवी पडली असती हो! ह्या बघा, निवांत वड्या थापताहेत." आणि ह्याच स्मिताताई महिन्याभरापूर्वी म्हणाल्या होत्या, "पोराची एवढीशी हौस, ती पण बघवत नाही सावत्र माणसाला!" म्हणजे अडवलं तरी सावत्र, नाही अडवलं तरी सावत्र. सावत्रपणाच्या वहीला जमेची बाजूच नसते. सगळं नावे मांडूनच ठेवलेलं असतं... शोभनाला हे इतक्या वर्षांत तोंडपाठ झालं होतं.

त्यात सुयशने पोळपाट नेला त्याच दिवशी चारुदत्त अबुधाबीला निघाले. जाताना सहज म्हणाले, "आज शुक्रवार, सुट्टीचा दिवस, शेडवर माणसं नसतील. तू डबा घेऊन जा आणि जरा थांब त्याच्याजवळ."

"अहो, मी थांबून काय करणार?"

"काही नाही. नुसती थांब."

ती गेली. वर्कशॉपच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो ट्रक नाक वर करून उभा होता, पुढची चाकं काढून लोखंडी घोड्यांवर टेकवलेला. काचेमागे डॅशबोर्डवर पोळपाट उभा खोचलेला. सुयश पाठीवर निजून अर्धा ट्रकखाली गेलेला, नुसते बूट दिसत होते.

"मावशी? बरं झालं आलीस! कुठूनतरी तेल गळतंय. इंजिन चालू असल्याशिवाय दिसणार नाही. वर चढून जरा चावी फिरवशील?"

तेरा वर्षांत ह्या मुलाने तिच्याकडे आपणहून काही मागितलं नव्हतं. जेवणसुद्धा मागितलं नव्हतं; वाढलेलं जेवायचा आणि उठायचा. आज तो म्हणाला, फिरवशील? नाही म्हणायचं भानच तिला राहिलं नाही! साडीचा पदर खोचून ती जीव मुठीत धरून वर चढली.

"यल्ला! चल, फिरव!" खालून आवाज आला.

तिने चावी फिरवली. ट्रक खोकला, थरारला, आणि धडधडू लागला. क्षणभर सगळं ठीक होतं. मग त्याचा सूर चढू लागला. तिने पायाने कशालाही स्पर्श केला नव्हता, तरी सूर चढतच राहिला... धुराड्यातून निळसर पांढरा धूर लोटला, पत्रे थडथडू लागले. तिने चावी मागे फिरवली. उपटून काढली. चावी तिच्या हातात आणि इंजिन किंचाळतंय!

"मावशी, पळ! बाहेर पळ! इट्स गॉन!"

तिने खाली वाकून पाहिलं. ट्रक थरथरून डावी घोडी तिरपी झाली होती. सुयशचे बूट जमीन खरवडत होते, पण तो बाहेर सरकत नव्हता; त्याच्या शर्टाची बाही वर कशाततरी अडकली होती.

पळ! एवढाच शब्द त्या कल्लोळात तिला परत ऐकू आला. आणि त्याच्यावर, स्वच्छ, दुसरं वाक्य उमटलं... त्याचं नाक दाबावं लागतं.

समोर पोळपाट होता.

तिने तो उपसला, खाली उडी टाकली. पाइपचं काळं तोंड छातीइतक्या उंचीवर आ वासून हवा गिळत होतं. कोणती बाजू पायांची, कोणती सपाट, हे तिला पाहावं लागलं नाही. कितीतरी दसरे तिच्या हातांनी तो पुसला होता. सपाट बाजू पुढे करून तिने तो त्या तोंडाकडे नेला, आणि पाइपने तो तिच्या हातांसकट ओढून घेतला! कडेला धरलेली बोटं लोखंड आणि लाकूड ह्यांच्यामध्ये चिरडली. ती ओरडली, पण तिने हात काढला नाही. हात काढला तर फट राहील... फट राहिली तर हवा जाईल... विभावरी, धर गं, तूही धर!

इंजिन घरघरलं. धापा टाकली. कडाड आवाज होऊन पोळपाटाला आरपार भेग गेली, आणि त्याच क्षणी ट्रक थांबला.

सुयश बाही फाडून बाहेर आला तेव्हा ती जमिनीवर बसली होती. बोटांतून रक्त ठिबकत होतं आणि मांडीवर पोळपाटाची दोन शकलं होती.

"मोडला रे," ती हुंदके देत होती. "तुझ्या आईचा पोळपाट मोडला माझ्या हातून... मी मुद्दाम नाही रे..."

सुयशने तिचा रक्ताळलेला हात दोन्ही हातांत धरला आणि लहान मुलासारखा त्याच्यावर कपाळ टेकून रडू लागला.

दोन बोटं मोडली होती. हॉस्पिटलमधल्या नर्सने विचारलं, "रिलेशन?" आणि सुयश पटकन म्हणाला, "सन." शोभनाने ते ऐकलं आणि ऐकलं नाहीसं दाखवलं, अशा गोष्टी दोनदा विचारायच्या नसतात.

दुसऱ्या दिवशी चारुदत्त अबुधाबीहून परतले आणि स्वयंपाकघराच्या दारातच खिळले. ओट्यावर पोळपाट होता. दोन शकलं पोलादी पट्ट्यांनी आणि नटबोल्टांनी घट्ट जोडलेली. खुर्चीवर हात गळ्यात बांधलेली शोभना, आणि सुयश कोपरापर्यंत पिठाने माखून पोळी लाटत होता.

"ह्याच्यावरच लाटायचं आता," सुयश मान खाली घालून म्हणाला. "फळीवर नाही ठेवायचा. तुझा हात बरा होईपर्यंत मी लाटतो." लाटणं जरा थांबलं. "मावशी... पुढच्या शुक्रवारी जाऊ का अल ऐनला? तू नाही म्हणालीस तर नाही जाणार. प्रॉमिस."

मावशीच म्हणाला तो. पण आजवर ह्या घरात तिला नाही म्हणायचा अधिकार कोणी दिला नव्हता. शोभनाने त्याच्याकडे पाहिलं, त्या पट्ट्यांकडे पाहिलं, आणि तिच्या गळ्यातून असा आवाज निघाला की चारुदत्तही दचकले.

"नाही म्हणजे नाही! टर्बो नवा बसवल्याशिवाय, ती केबल जोडून माझ्या डोळ्यांदेखत दहा वेळा इंजिन बंद पाडून दाखवल्याशिवाय, त्या ट्रकला हात लावलास तर तंगडं मोडीन! ही शर्यत गेली खड्ड्यात, पुढच्या वर्षी बघू! आणि ही काय पोळी आहे? कडा किती जाड! उलट ती, उलट, करपतेय!"

"अगं हळू," चारुदत्त डोळे पुसत म्हणाले, "शेजारी ऐकू जाईल."

"जाऊ दे!"

भिंतीपलीकडे स्मिताताईंनी टीव्हीचा आवाज अगदी बारीक केला होता.